आजोबांना ‘ही’ कसं म्हणायचं?

पाचवीतल्या एका मुलाने माझ्याकडे निबंधाची वही आणली. विषय नेहमीचाच, माझे कुटुंब. त्यात आजोबांवर चार ओळी होत्या: ‘माय ग्रँडफादर इज अ फार्मर. दे गेट अप अर्ली. दे गो टू द कुळागर. आय लाइक देम.’ कुळागर म्हणजे आमच्याकडची पोफळी-नारळाची बाग. वही शाळेतून तपासून आलेली. प्रत्येक ‘दे’वर लाल फुली आणि वर ‘ही’, ‘देम’च्या जागी ‘हिम’. चूक मुलाला कळली होती, पण पटली नव्हती. "टीचर, आजोबा एवढे मोठे. त्यांना ‘ही’ कसं म्हणायचं?"

मी गोव्यातल्या साखळी गावात राहते आणि संध्याकाळी घरच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, मुलांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकलेली असतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातात. गोव्यात हे घरोघरी चालतं. घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत मराठी, जत्रेतल्या नाटकात मराठी, आणि मग पाचवीच्या पहिल्या दिवसापासून गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत. सर्वनामांचा तक्ता या मुलांना पाठ असतो. आय, वुई, यू, ही, शी, इट, दे. झोपेतून उठवलं तरी म्हणतील. अडतं ते वाक्यात. आणि जिथे अडतं तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी मुलाच्या डोक्यात एक अगदी बरोबर मराठी वाक्य उभं असतं. त्या वाक्याकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आजोबांचंच घ्या. आपल्याकडे आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. ‘आजोबा उठले. ते कुळागरात गेले.’ माणूस एकच, पण ‘ते’, आणि क्रियापदही अनेकवचनी. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात, आणि शाळेत पाय ठेवण्याआधीच ते मुलांना येत असतं. त्या मुलाने तेच उचलून इंग्रजीत नेलं. इंग्रजीत मात्र ‘ही’मध्ये आदर नाही आणि अनादरही नाही. राजा ‘ही’, चोर ‘ही’, देवसुद्धा ‘ही’. मग आदर जातो कुठे? तो नावाआधीच्या मिस्टर-मिसेसमध्ये जातो, ‘प्लीज’मध्ये जातो, ‘गिव्ह मी’ऐवजी ‘कुड यू गिव्ह मी’ म्हणण्यात जातो. हे मुलाला सांगावं लागतं. नुसती फुली मारली तर इंग्रजीत मोठ्यांना मान देतच नाहीत असं त्याला वाटतं, आणि मग ‘प्लीज’ त्याच्या तोंडात कधी बसत नाही, कारण ‘जरा पाणी द्या’ यातल्या ‘द्या’मध्ये आपलं सगळं प्लीज आलेलं असतं. कळंगुटला हॉटेलात कामाला लागलेला माझा एक जुना विद्यार्थी पाहुण्यांना ‘यू वेट हिअर’ म्हणायचा. त्याच्या मनात ‘तुम्ही इथे थांबा’ होतं, ऐकणाऱ्याला मात्र हुकूम ऐकू जायचा. ‘तुम्ही’मधला मान ‘यू’मध्ये उतरत नाही, तो वेगळा बोलून दाखवावा लागतो, हे त्याला कुणीतरी पाचवीतच सांगायला हवं होतं.

आवाजांचाही एक घोळ आहे, तो फक्त आपल्याच मुलांचा. इंग्रजी ‘मी’ म्हणजे मला, आणि आपला मी म्हणजे ‘आय’. इंग्रजी ‘ही’ म्हणजे तो, आणि आपली ही म्हणजे बाई. ‘दे’ ऐकलं की हात पुढे होतो. लहान मुलांना शिकवताना मी पहिले काही दिवस हे शब्द सुटे म्हणूनच घेत नाही. ‘ही इज माय ब्रदर’, ‘गिव्ह मी द बुक’ असं पूर्ण वाक्य तोंडात घोळू देते. सुटा शब्द मराठी कानाने ऐकला जातो, वाक्य तसं ऐकलं जात नाही.

‘यू’बद्दल दर वर्षी एक प्रश्न येतो आणि तो मला फार आवडतो. "टीचर, समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ का? ‘यू इज’ का नाही?" याचं उत्तर इतिहासात आहे. ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्यासाठी ‘दाउ’ हा वेगळा शब्द होता, त्याची रूपं ‘दी’ आणि ‘दाय’. जवळच्याला, धाकट्याला, देवाला ‘दाउ’ आणि मान द्यायच्या माणसाला ‘यू’, म्हणजे अगदी आपल्या तू आणि तुम्हीसारखंच. सतराव्या शतकात ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला आणि ‘यू’ सगळ्यांसाठी उरला, आपलं अनेकवचनी ‘आर’ बरोबर घेऊन. म्हणजे इंग्रजीत तुम्ही आहे, तू गेला. हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बदलतात. ज्या भाषेत मान नाही असं वाटत होतं, तिथे उलट सगळ्यांना तुम्हीच म्हणतात, दारातल्या कुत्र्यालासुद्धा!

माझ्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलांना ‘दाय’ आधीपासून माहीत असतो. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, इंग्रजी प्रार्थना म्हणताना ‘हॅलोड बी दाय नेम’ ती रोज म्हणतात, फक्त तो शब्द कोणता हे कुणी सांगितलेलं नसतं. देवाला एकेरी हाक मारायची रीत आपल्या विठोबाच्या अभंगातही आहे, त्यामुळे तिथे दोन्ही घरांतली मुलं एकमेकांकडे बघून माना डोलावतात.

इथे मी फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट हमखास सांगते. हा इंग्रज जेजुइट 1579मध्ये गोव्यात आला आणि 1619मध्ये इथेच वारला. त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, आणि कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640मध्ये साष्टीत राशोलला छापलं गेलं. तो इंग्लंडहून निघाला तेव्हा तिथे ‘दाउ’ आणि ‘यू’ दोन्ही जिवंत होते, म्हणजे आपला तू-तुम्ही त्याला नवा वाटला नसणार. आजच्या इंग्रजाला मराठी शिकताना सगळ्यात आधी तिथेच ठेच लागते. आपण इंग्रजी शिकताना अडखळतो तसाच एक इंग्रज आपल्या मातीत बसून आपली सर्वनामं शिकला, आणि इतकी शिकला की त्यात पुराण रचलं. वर्गातल्या मुलांना याचा मोठा धीर येतो.

आता खरा अवघड भाग, ‘हिज’ आणि ‘हर’. ‘वामन अँड हर सिस्टर’, ‘रमा अँड हिज ब्रदर’. हे आठवीपर्यंत चालतं, कधी कधी कॉलेजातही. तपासणारा लिहितो, ‘जेंडर!’ पण मुलाला लिंग कळत नाही असं थोडंच आहे? उलट त्याला ते जास्त कळतं. ‘त्याची बहीण’ हा शब्दप्रयोग नीट पाहा. त्यात दोन लिंगं आहेत. शब्दाच्या सुरुवातीला मालक, ‘त्या’ की ‘ति’. शेवटाला ज्याच्याबद्दल बोलतोय ते, ‘चा’ की ‘ची’ की ‘चं’. ‘तिचा भाऊ’ म्हटलं की सुरुवात बाईची आणि शेवट पुरुषाचा. मराठी मुलाचा कान शेवटाला तयार झालेला असतो, कारण विशेषणं, क्रियापदं सगळीकडे त्याला शेवटच जुळवावा लागतो. ‘ची’ ऐकलं की त्याचा हात ‘हर’कडे जातो.

इंग्रजीने हा शेवट पूर्ण सोडून दिला आहे. ‘हिज’मध्ये फक्त मालक दिसतो, भाऊ असो, बहीण असो की सायकल. आणि गंमत अशी की पोर्तुगीजमध्ये याच्या बरोबर उलट आहे. तिथे ‘सेउ’ आणि ‘सुआ’ हे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. ‘सुआ इर्मां’ म्हणजे त्याची बहीण की तिची, ते शब्दावरून कळत नाही, बहीण आहे एवढंच कळतं. पोर्तुगीज शिकलेली माणसं अजून फोंड्यात, मडगावात, पणजीत भेटतात. त्यांच्यापैकी कुणाशी बोलून पाहा, ते हे लगेच सांगतील. म्हणजे आपल्या एवढ्याशा गोव्यात तीन रीती नांदल्या. पोर्तुगीजने वस्तू धरली, इंग्रजीने मालक धरला, मराठी-कोंकणीने दोन्ही धरले. ज्या मुलाला दोन्ही सांभाळता येतात त्याला त्यातलं एक सोडायला शिकवायचं आहे, एवढंच काम आहे. मी वहीत मालकाच्या नावावर बोट ठेवायला लावते. वामनवर बोट, आता ‘हिज’. बोट न उचलता पुढे काहीही लिही, बहीण, गाय, घर. रमावर बोट, ‘हर’. तिचा नवरा लिही, भाऊ लिही, ‘हर’ हलणार नाही. बोट ठेवल्याने जे होतं ते नियम पाठ करून होत नाही, असा माझा अनुभव आहे.

बोट ठेवलं तरी एक अडचण उरते आणि ती इंग्रजीची स्वतःची आहे, मुलाची नव्हे. ‘वामन गेव्ह दामू हिज बायसिकल.’ सायकल कुणाची? मराठीत हा प्रश्न पडतच नाही. ‘वामनने दामूला आपली सायकल दिली’ म्हणजे वामनची. ‘त्याची सायकल दिली’ म्हणजे दामूची, त्याची त्याला परत केली. ‘आपला’ हे सर्वनाम कर्त्याकडे वळून बघतं. असं वळून बघणारा साधा शब्द इंग्रजीत नाही. ‘हिज ओन’ म्हणता येतं, पण ते प्रत्येक वेळी जड होतं.

त्यात मराठीत जवळचा आणि लांबचा असाही फरक असतो. भांडण सांगताना आपण म्हणतो, ‘हा म्हणाला मी दिलं नाही, तो म्हणाला तूच दिलंस.’ दोन माणसं, नाव न घेता, ‘हा’ आणि ‘तो’वर अख्खी गोष्ट चालते. इंग्रजीत दोघेही ‘ही’. मूल मराठीतली ही सोय गृहीत धरून ‘ही सेड, ही सेड’ लिहीत जातं आणि वाचणाऱ्याला कोण काय म्हणालं ते समजत नाही. इथे मी सरळ सांगते, नाव परत लिहा. इंग्रजीत नाव परत लिहिणं दोष नाही. सर्वनाम कुणाकडे जातं ते एका नजरेत दिसत नसेल तर ते सर्वनाम काढून टाका. पानभर निबंधात ‘वामन’ चारदा आला तर काहीही बिघडत नाही. ‘ही’ कुणाचा ते न कळणं हे मात्र बिघडणं आहे.

‘वुई’मध्येही आपलं काहीतरी हरवतं. ‘आम्ही जत्रेला चाललो’ आणि ‘आपण जत्रेला चाललो’, यातल्या पहिल्यात ऐकणारा घरी राहतो, दुसऱ्यात बरोबर येतो. हा भेद हिंदीत नाही. गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे, आणि तो आपल्याकडे द्रविड भाषांच्या सहवासातून आला असं भाषेचे बरेच अभ्यासक मानतात. इंग्रजीत दोन्हींना ‘वुई’. त्यामुळे बोलावणं द्यायचं असेल तर ते वेगळं द्यावं लागतं, ‘कम विथ अस’.

आणि हे ‘विथ अस’ म्हटलं की दुसरी एक जुनी अडचण समोर येते. मुलं ‘कम विथ माय’ लिहितात. इथेही मराठी वाक्य बरोबर आहे, ‘माझ्याबरोबर ये’. आपलं शब्दयोगी अव्यय ‘माझ्या’ला लागतं, माझ्याकडे, माझ्यासाठी, माझ्याशी. ‘माझा’ म्हणजे ‘माय’ हे पाठ केलेलं असतं, म्हणून ‘विथ माय’, ‘फॉर माय’. यावर उपाय सोपा आहे. ‘विथ, फॉर, टू, फ्रॉम, बिटवीन’ यांच्यामागून सर्वनाम एकटं आलं तर ‘मी, यू, हिम, हर, इट, अस, देम’ एवढेच येतात. पाढ्यासारखे जोडीनेच म्हणायचे, ‘विथ मी, विथ हिम, विथ हर’. इंग्रजी घरात वाढलेली माणसंही ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतात, तेव्हा आपल्या मुलांना इथे दटावायचं कारण नाही. ‘सर गेव्ह रमा अँड आय अ प्राइझ’ असं कुणी लिहिलं तर मी म्हणते, रमाला जरा बाहेर काढ. ‘सर गेव्ह आय’? मूल स्वतःच हसून ‘मी’ करतं.

‘मायसेल्फ’चं थोडक्यात सांगते. ‘मायसेल्फ अमुक अमुक’ अशी ओळख करून देऊ नका. ‘आय अ‍ॅम अमुक’. ‘मायसेल्फ’ला वाक्यात आधी ‘आय’ लागतो, ‘आय कुक्ड इट मायसेल्फ’, मी स्वतः रांधलं. आपल्या ‘स्वतः’चंही तसंच आहे, ‘स्वतः रमेश’ अशी ओळख कुणी करून देत नाही. आणि ‘आय’ नेहमी मोठ्या लिपीत का, हे विचारणाऱ्या मुलांसाठी: त्यात मोठेपणाचा काही संबंध नाही. जुन्या काळी तो ‘इच’ असा पूर्ण शब्द होता. झिजत झिजत एकच अक्षर राहिलं आणि हाताने लिहिलेल्या ओळीत ती एकटी बारीक रेघ नजरेतून सुटायची, म्हणून ती मोठी काढायला लागले, असं कारण सर्वसाधारणपणे दिलं जातं.

‘इट’ मला सगळ्यात जास्त आवडतं. पावसाळ्यात तर ते रोज लागतं. ‘इट इज रेनिंग.’ मुलं ‘रेन इज कमिंग’ म्हणतात, कारण पाऊस येतो, पाऊस पडतो, कर्ता समोर कोसळतोय. मग ‘इट’ कोण? एका मुलीने हा प्रश्न लावून धरला होता. ‘इट’ कुणीच नाही. इंग्रजी क्रियापद जवळजवळ उघडं असतं. आपलं क्रियापद बोलणाऱ्याची माहिती अंगावर बाळगतं. ‘येते’ एवढंच म्हटलं तरी बाई बोलते आहे हे कळतं, ‘आलास’ म्हटलं की समोरचा पुरुष कळतो, मग मी-तू गाळले तरी चालतात. इंग्रजी ‘कम’वरून काही कळत नाही, म्हणून तिथे आज्ञा सोडली तर कर्त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. सांगण्यासारखं कुणी नसेल तेव्हा ‘इट’ बसवतात. इट इज हॉट, इट इज फाइव्ह ओक्लॉक, इट इज लेट.

पण हे आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. मे महिन्यात आपण म्हणतो, ‘उकडतंय’. काय उकडतंय? पहाटे म्हणतो, ‘उजाडलं’. काय उजाडलं? कर्ता नाही, तरी क्रियापद नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतलं ‘इट’ म्हणजे ‘उकडतंय’च्या शेवटी लपलेलं ते नपुंसकलिंग, बाहेर काढून पुढे बसवलेलं. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने एका दमात म्हटलं, "इट इज उकडिंग!" त्यानंतर तिचं ‘इट’ कधी चुकलं नाही.

‘इट’ची दुसरी बाजू जपून हाताळावी लागते. कोंकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’, ‘तें न्हिदलां’. त्यात माया असते. पेडण्याकडून, डिचोलीकडून येणाऱ्या मुलांच्या घरांत हे रोज कानावर पडतं. एका मुलीने धाकट्या बहिणीवर लिहिताना ‘इट इज व्हेरी नॉटी’ लिहिलं. वर्गात हशा झाला आणि तिला रडू आलं. मी त्यांना सांगितलं की कोंकणीतलं ‘तें’ इंग्रजीत ‘शी’च होतं, आणि ‘इट’मध्ये माया नसते. ओळखीच्या माणसाला इंग्रजीत ‘इट’ म्हटलं तर तो अपमान होतो. तिची बहीण तिच्या वाक्यात अपमानित झाली नव्हती, तिच्यावर प्रेमच होतं, ते फक्त चुकीच्या दारातून आत आलं. जनावरांचं मात्र पाहून ठरवायचं. रस्त्यावरचं कुत्रं ‘इट’, घरातलं नाव ठेवलेलं ‘ही’ किंवा ‘शी’. जहाजाला नाविक परंपरेने ‘शी’ म्हणत आले. मुरगाव बंदरात वडील कामाला असलेल्या एका मुलाला हे घरूनच माहीत होतं. पण जहाजांच्या बातम्या देणाऱ्या ‘लॉइड्स लिस्ट’ या लंडनच्या जुन्या पत्राने 2002मध्ये ‘शी’ सोडून ‘इट’ स्वीकारलं, आणि निबंधात आता ‘इट’च लिहावं असं मी सांगते.

बचत गटातल्या एक ताई एकदा इंग्रजी अर्ज घेऊन आल्या. अर्जदार म्हणून सगळीकडे ‘ही’, ‘हिज’. "हे फक्त पुरुषांसाठी आहे का गो?" असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न अगदी योग्य होता. आपल्या 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात लिहिलं आहे की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. संविधानाच्या 58व्या कलमात राष्ट्रपतिपदाची पात्रता सांगतानाही इंग्रजीत ‘ही’च आहे, आणि त्याच कलमाखाली 2007मध्ये प्रतिभाताई पाटील आणि 2022मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. म्हणजे कायद्याने बाईला दार बंद नाही. पण ताईंना दारावरची पाटी वाचून परत फिरावंसं वाटलं, हेही तितकंच खरं आहे. जिथे आपल्या हातात आहे तिथे आपण अशी पाटी लावू नये असं मला मनापासून वाटतं.

मग काय लिहायचं? पावसाळ्यात माझ्या सोप्यावर रोज एखादी छत्री राहते. ‘समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.’ कुणाची ते माहीत नाही, मुलगा की मुलगी माहीत नाही, म्हणून ‘देअर’. एकट्या, अनोळखी माणसासाठी ‘दे’ वापरणं नवं नाही, चौदाव्या शतकापासून ते इंग्रजीत सापडतं. मराठीत आपण काय म्हणतो? ‘कुणीतरी छत्री विसरलंय.’ विसरला नाही, विसरली नाही, विसरलंय. लिंग ठाऊक नसलं की आपण नपुंसकलिंग घेतो, इंग्रजी अनेकवचन घेते.

आता या ‘दे’ला आणखी एक काम आलं आहे. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने कळवलं की तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आपल्याला ‘ही’ किंवा ‘शी’ न म्हणता ‘दे’ म्हणावं असं सांगितलं आहे, आणि मजकूर लिहिताना तिची धांदल होते. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने 2019मध्ये या अर्थाची नोंद केली आणि ‘दे’ हाच त्या वर्षीचा शब्द ठरवला. मी तिला लिहिलं, तुला हे अवघड जायचं कारण नाही. एका माणसासाठी अनेकवचन वापरायची आपल्याला जन्मापासून सवय आहे. फक्त क्रियापद सांभाळ, माणूस एक असला तरी ‘दे आर’, ‘दे हॅव’. ज्याने जे सांगितलं ते त्याच्यासाठी वापरणं हा साधा मान आहे, आणि मान सर्वनामात ठेवायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

‘जो’ आणि ‘तो’ची जोडी मोठ्या मुलांना छळते. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ याचं ‘विच बॉय केम यस्टरडे ही इज माय ब्रदर’ होतं. इंग्रजीत मुलगा पुढे, ‘हू’ त्याला चिकटून, आणि मागचा ‘ही’ गळतो: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर’. हे लिहून लिहूनच बसतं, त्याला दुसरी वाट नाही.

पालक मला वर्कशीट मागतात, रिकाम्या जागा भरा असली. ती मी देत नाही, कारण रिकाम्या जागेत मूल तक्ता आठवून शब्द टाकतं आणि वाक्यात पुन्हा तेच होतं. त्याऐवजी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत घरी हे करून पाहा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधताना दोन काका आणि एक आत्या यांच्यात जे काही बोलणं झालं ते मुलाला इंग्रजीत सांगायला लावा. कुणी कुणाचा नारळ कुठे बांधला, कुणी कुणाला शिडीवरून उतरायला सांगितलं. आधी मराठीत सांगू दे, ‘हा म्हणाला, तो म्हणाला, ती रागावली’ सगळं. मग इंग्रजीत. मधेच थांबवून फक्त एवढंच विचारा, "ही म्हणजे कोण?" उत्तर लगेच आलं तर सर्वनाम राहू दे, अडलं तर तिथे नाव घालायला लावा. पहिल्या दिवशी बहुतेक सगळी नावंच येतील, आणि येऊ देत. आठवडाभरात मूल आपणहून कुठे नाव, कुठे ‘ही’ ते ठरवायला लागतं. ‘हू’ आणि ‘हूम’चा फरक मी आठवीच्या आधी काढत नाही, बोलताना आता ‘हूम’ फारसं कुणी वापरतही नाही. तोवर ‘विथ मी’ आणि ‘रमा अँड हर ब्रदर’ पक्कं झालेलं असलं की पुढच्या वर्षी मला मूल सोपं जातं.